समोर दोन लंबू, मग आपला बुटका कॅप्टन बसवायचा का?

वाचकाचं पत्र, नाव-ठिकाण काढून, थोडक्यात:

मी 31 वर्षांचा आहे, नोकरी सांभाळून पश्चिम नागपुरातल्या एका ग्राउंडवर संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. टीम 17 ते 20 वर्षांच्या पोट्ट्यांची. मागच्या वर्षी एका लोकल स्पर्धेच्या फायनलमध्ये आम्ही 62-49 ने हरलो. समोर दोन लंबू होते, एक 6 फूट 5 इंच अन् दुसरा 6 फूट 6, दोघांनी मिळून 34 पॉइंट मारले. आमचा पिव्होट, म्हणजे बास्केटखाली खेळणारा, 6 फूट 1 आहे पण अंगाने काडी. फॉरवर्ड 6 फूट, 84 किलो. विंगर दोघं 5-9 आणि 5-10. कॅप्टन गार्ड आहे, म्हणजे बॉल आणणारा, 5 फूट 5, दहा वर्षांचा होता तेव्हापासून माझ्याकडे आहे. उंची नाही म्हणून पूर्ण मॅच 2-3 झोन खेळलो, म्हणजे पुढे दोन, मागे तीन, प्रत्येकाने आपली जागा सांभाळायची, तरी त्यांनी स्वतःचेच मिस झालेले 17 बॉल परत घेतले, मोबाईलच्या व्हिडिओत मोजले मी. हाफ टाइमला 31-28 होतं, तिसऱ्या क्वार्टरनंतर 50-36, तिथेच मॅच गेली. तेव्हा कॅप्टन चार फाउल झाले म्हणून सात मिनिटं बाहेर होता. आता आठ महिन्यांपासून 6 फूट 5 चा एक पोरगा आलाय, आधी व्हॉलीबॉल खेळायचा. सगळे म्हणतात हाइट पाहिजे, कॅप्टनला बसवा, याला घ्या. त्या पोराचे मामा आमच्या टी-शर्टचा अन् एंट्री फीचा खर्च करतात, तेही तेच म्हणून राहिले. पुढच्या महिन्यात परत तीच टीम समोर येणार आहे. कॅप्टनला कसं सांगू? आणि सांगायलाच पाहिजे का?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य वाचून वाटलं की उत्तर तुमच्या मनात आहे, फक्त चार लोकं एका सुरात बोलायला लागले की आपल्यालाच आपल्यावर डाउट येतो, तसं झालंय. ग्राउंडच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना उंची दिसते कारण ती सगळ्यात आधी दिसते. बाकीच्या गोष्टी बघायला व्हिडिओ लावावा लागतो, आणि तुम्ही तो लावलात, मोजणीही केली, पण मोजून झाल्यावर त्या आकड्यांना काही विचारलं नाही.

तुमचेच आकडे परत मांडतो. हाफ टाइमला तुम्ही तीनने मागे होते. चौथा क्वार्टर तुम्ही 13-12 असा जिंकला, म्हणजे एकने का होईना पण जिंकला. मॅच गेली ती तिसऱ्या क्वार्टरमध्ये, 19-8. आणि त्या दहा मिनिटांतली सात मिनिटं तुमचा 5 फूट 5 चा कॅप्टन बेंचवर टॉवेल घेऊन बसला होता! लंबू तर पहिल्या क्वार्टरमध्येही तितकेच लंब होते ना, हाफ टाइमला चहा पिऊन त्यांची उंची वाढली नाही. मग ज्या सात मिनिटांत कॅप्टन नव्हता तिथे टीम बुडाली हे तुम्हीच लिहिलं, आणि त्याच्यावर उपाय काय विचारला तर कॅप्टनला कायमचं बसवू का. बाप्पा!

आता हे शंभर टक्के सिद्ध झालं असं नाही. सात मिनिटांवरून सगळा निकाल लावायचा नसतो, त्या वेळी कदाचित त्यांचे दोन-चार लकी शॉटही पडले असतील. म्हणून आधी एक काम करा, ती सात मिनिटं परत बघा आणि एकच गोष्ट वहीत लिहा, लंबूच्या हातात बॉल पडला तेव्हा तो कुठे उभा होता आणि पास कोणी, कुठून, किती आरामात दिला. मला वाटतं तुम्हाला दिसेल की पास देणारा पोट्टा तीन पॉइंटच्या लाइनीवर डोक्याच्या वर दोन्ही हातात बॉल घेऊन उभा आहे, कोणी अंगावर नाही, तो बघतो, थांबतो, लंबू हात वर करतो, आणि हा निवांत वरून सोडतो, जसं बाल्कनीतून खाली चावी फेकावी तसं.

माझं सगळं म्हणणं याच्यातच आहे. उंच माणसाचा प्रॉब्लेम बास्केटखाली सुरू होत नाही, तो 6.75 मीटरवर, तीन पॉइंटच्या लाइनीवर सुरू होतो, जिथून त्याला पास येतो. पास देणाऱ्याच्या पोटात कोणी शिरलेलं असेल, बॉल डोक्यावर नेता येत नसेल, ड्रिबल बंद झाला असेल आणि बॉल सोडायचा पाच सेकंदांचा काउंट सुरू असेल, तर तोच पास एक तर उशिरा येतो, नाहीतर फुगलेला येतो, नाहीतर येतच नाही. आणि हे काम तुमच्या टीममध्ये सगळ्यात चांगलं कोण करतं? 5 फूट 5 वाला, ज्याच्या हातांना खाली वाकायला दोन इंचसुद्धा जायचं नसतं. त्याला बसवून तुम्ही 6 फूट 5 चा पोरगा आणाल, तो बास्केटखाली हात वर करून उभा राहील आणि बाल्कनीतली चावी आणखी आरामात फेकली जाईल.

आता झोनबद्दल. आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय की उंची कमी तर झोन लावा, डी (बास्केटसमोरची आखलेली जागा) बंद करा, पोट्टे एकमेकांना चिकटून उभे राहिले की झालं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण झोनमध्ये प्रत्येकजण जागा सांभाळतो, माणूस नाही. शॉट उडाला की त्या क्षणाला बॉक्स आउट कोणाला करायचं, म्हणजे अंगाने अडवून बॉलपासून लांब कोणाला ठेवायचं, हे ठरलेलं नसतं, प्रत्येकजण वर बॉलकडे बघतो, आणि वर बघण्याच्या स्पर्धेत 6 फूट 6 वालाच जिंकणार ना. तुमचे 17 तिथून आलेत भाऊ. 40 मिनिटांत 17 म्हणजे जवळपास दर अडीच मिनिटाला त्यांना एक चान्स फुकट, वरून शॉट मारायला 14 सेकंद नवीन. 34 पॉइंटपैकी किती या दुसऱ्या चान्सवर आले ते मोजलं नसेल तर मोजा. तो आकडा मोठा निघाला तर तुमची समस्या लंबूंचं स्कोअरिंग नाहीच, तुमचं रिबाउंडिंग आहे, आणि ते सुधारायला पोरं लांब करावी लागत नाहीत.

झोन पूर्ण टाकून द्या असं म्हणत नाही. टाइम आउटनंतर दोन-तीन पझेशन झोन दाखवा, त्यांची लय तोडायला बरा असतो. पण मुख्य जेवण मॅन टू मॅन ठेवा, एकाने एक माणूस धरायचा, आणि लंबूंना फ्रंट करा, म्हणजे त्यांच्या मागे उभं राहून ढकलाढकली करायची नाही, त्यांच्या आणि पास देणाऱ्याच्या मध्ये जाऊन उभं राहायचं. मग त्याला बॉल द्यायचा एकच रस्ता उरतो, डोक्यावरून लॉब. त्या लॉबवर मागून हेल्पला दुसऱ्या बाजूचा माणूस यायला पाहिजे. इथे एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे जी टीव्हीवर एनबीए, म्हणजे अमेरिकेची लीग, बघून बघून पोरं विसरतात, तिकडे डिफेन्सलाही डीमध्ये जास्त न थांबण्याचा तीन सेकंदांचा नियम आहे, आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने खेळतो, त्यात तो नाही. तीन सेकंद फक्त अटॅक करणाऱ्याला मोजतात. तुमचा हेल्पवाला डीमध्ये खुशाल सतरंजी टाकून बसू शकतो, त्याचा माणूस लांब कोपऱ्यात असेल तोपर्यंत. फक्त त्यांच्या त्या कोपऱ्यातल्या पोराला थ्री येतो का हे आधी बघून ठेवा. येत नसेल तर त्याला सोडा. येत असेल तर मग विचार करावा लागेल, कारण प्रत्येक मदतीची किंमत कुठे तरी द्यावीच लागते.

आणि फ्रंट करण्याचीही किंमत आहे, ती लपवत नाही. फ्रंट केलं की लंबू तुमच्या आणि बास्केटच्या मध्ये येतो, शॉट उडाला तर आतली जागा त्याची. म्हणून रिबाउंड एकट्या पिव्होटचं काम ठेवायचं नाही, तुमचे दोन्ही विंगर बाहेरून आत येऊन त्याच लंबूच्या मांडीला लागले पाहिजेत.

बॉक्स आउटचं थोडं सविस्तर लिहितो कारण सगळे कोच ओरडतात ‘बॉक्स, बॉक्स’ आणि पोट्ट्यांना नक्की काय करायचं ते कोणी दाखवत नाही. शॉट सुटला की पहिला अर्धा सेकंद बॉलकडे बघायचंच नाही, माणूस शोधायचा. त्याच्या छातीवर नाही, कमरेच्या हाडाजवळ आपला फोअरआर्म लावायचा, तिथे लागला की तो उडी मारायच्या आधी थबकतो. मग मागच्या पायावर फिरून आपली बैठक त्याच्या मांड्यांवर टेकवायची, गुडघे वाकलेले, आणि त्याला बास्केटपासून बाहेर, डीच्या मधल्या भागाकडे एक-दीड पाऊल सरकवायचं. उंच माणसाचा जोर वर असतो, गुडघ्याजवळ तो आपल्यासारखाच असतो, किंबहुना जास्त डळमळीत. आणि आता महत्त्वाचं, बुटक्याने रिबाउंड घ्यायला जायचंच नाही! लंबूला अडवून ठेवणं एवढंच त्याचं काम, बॉल जमिनीवर पडला तरी चालेल, टप्पा पडलेला बॉल उचलायला उंची लागत नाही, तो कॅप्टन उचलेल. कोपऱ्यातून मारलेला शॉट मिस झाला की बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, लांबून मारलेला लांब उडतो, हे पोरांना दहा वेळा दाखवा, बॉल कुठे पडणार हे आधी कळलं की दोन इंच आपोआप भरून निघतात.

मी स्वतः 5 फूट 8. शिवाजी नगरच्या कोर्टावर संध्याकाळी सिनियर लोकांसोबत खेळायला लागलो तेव्हा एक नोकरीवाले दादा होते, सहा-चार असतील, पोट सुटलेलं. सिमेंटवर घासून घासून पांढरा पडलेला बॉल, नवीन असतानाची पकड कधीच गेलेली. ते माझ्यावरून चार वेळा बॉल घेऊन गेले आणि पाचव्यांदा म्हणाले, ‘अबे, तू वर कायले पाहून राहिला, वर तर मी आहे, तू खाली बघ.’ तेव्हा राग आला होता. नंतर खाली बघायला लागलो तर दिसलं, उंच माणूस रिबाउंड घेऊन खाली उतरतो तेव्हा शंभरातून नव्वद वेळा बॉल छातीखाली आणतो, एक ड्रिबल टाकतोच टाकतो. तो अर्धा सेकंद बुटक्यांचा. तुमच्या कॅप्टनला सांगा, हाताच्या वर मारू नको, फाउल मिळतो, खालून वर बॉलला टिचकी मार.

आता पिव्होट. इथे मला तुमच्याशी भांडायचंय. काडीसारखा 6 फूट 1 वाला पिव्होट का आहे? कारण तो सगळ्यात उंच आहे म्हणून, बरोबर ना? आणि 84 किलोचा 6 फुटी फॉरवर्ड एक इंचाने कमी म्हणून बाजूला उभा! त्या लंबूंसमोर एक इंचाने काही होत नाही, 6 फूट 6 ला तुम्ही 6-1 ने गाठा की 6-0 ने, दोन्हीकडून तो वरूनच बघणार. पण 84 किलो त्याच्या मांडीला लागले तर तो दोन पावलं लांब बॉल पकडतो, आणि लांब पकडला की शॉटही लांबचा होतो. चार्ल्स बार्कलीची उंची कागदावर 6 फूट 6 लिहायचे, तो स्वतः त्याहून कमी सांगायचा, आणि 1986-87 मध्ये सात-सात फुटी लोकांच्या गर्दीत तो एनबीएमध्ये रिबाउंडमध्ये पहिला आला, मॅचला 14.6 च्या सरासरीने. त्याच्याकडे काय होतं? बूड होतं भाऊ, आणि दुसरी-तिसरी उडी पटकन मारायची सवय.

तर बसवायचंच असेल कोणाला सुरुवातीला, तर माझ्या मते त्या काडीवाल्याला. 84 किलोवाला पिव्होट, कॅप्टन, दोन्ही विंगर, आणि पाचवा तुमच्या बेंचवरचा जो कोणी सगळ्यात बरा लांबून मारत असेल तो, उंची 5-9 असली तरी. मला माहिती आहे हे ऐकून कट्टा वेडा होईल, समोर दोन लंबू आणि हा आणखी बुटका आणून राहिला.

पण हे आधी कोणी केलं नाही असं नाही. 2015 च्या एनबीए फायनलमध्ये गोल्डन स्टेटची टीम क्लीव्हलँडच्या टीमपुढे 2-1 ने मागे होती. क्लीव्हलँडकडे टिमोफी मोझगोव्ह, सात फुटाच्या वर, सोबत ट्रिस्टन थॉम्पसन रिबाउंड खाऊन राहिलेला. चौथ्या मॅचला गोल्डन स्टेटचे कोच स्टीव्ह कर यांनी स्वतःचा सात फुटी अँड्र्यू बोगट सुरुवातीला बसवला आणि त्याच्या जागी आंद्रे इग्वाडाला घेतला, जो त्या सीझनला एकाही मॅचमध्ये सुरुवातीच्या पाचात नव्हता. सेंटरला ड्रेमंड ग्रीन, 6 फूट 6 च्या आसपासचा. ही आयडिया कोणा मोठ्या कोचची नव्हती बरं, निक युरेन नावाच्या एका स्टाफवाल्याने जुने व्हिडिओ बघून सुचवली. झालं काय, मोझगोव्हने त्या मॅचला 28 पॉइंट मारले! आणि गोल्डन स्टेट 103-82 ने जिंकले. लंबूने 28 मारू द्या, पण त्याला दुसऱ्या बाजूला धावायला लागलं, थ्री मारणाऱ्याच्या मागे बाहेर यायला लागलं, तिथे त्याची किंमत वसूल झाली. पुढच्या मॅचला क्लीव्हलँडच्याच कोचने मोझगोव्हला जेमतेम 9 मिनिटं खेळवलं, पॉइंट शून्य. सिरीज 4-2, आणि फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू, तोच इग्वाडाला.

हे वाचून लगेच उडू नका. 2020 मध्ये ह्यूस्टननेही सेंटर क्लिंट कपेलाला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं आणि 6 फूट 5 च्या पी. जे. टकरला मधे उभं करून खेळले, पण प्लेऑफमध्ये लेकर्सने 4-1 ने घरी पाठवलं, कारण लेकर्सनेही आपले जड सेंटर बाजूला करून अँथनी डेव्हिसला मधे खेळवलं, आणि डेव्हिस उंचही होता आणि धावायचाही. म्हणजे लंबू जर धावणारा निघाला तर ही युक्ती अर्धी पडते. म्हणून तुमच्या व्हिडिओत आणखी एक बघा, त्यांचे दोघं रिबाउंडला जाऊन परत डिफेन्सला किती वेळात पोचतात. चौथ्या क्वार्टरमध्ये हात कमरेवर ठेवून चालत येत असतील तर तुम्हाला काय करायचं ते कळलंच. कोर्ट 28 मीटर लांब आहे, 80-90 किलोच्या माणसाला सिमेंटवर ते प्रत्येक वेळी पळवा. त्यांनी बास्केट मारली तरी रडत बसायचं नाही, जाळीतून खाली आलेला बॉल जमिनीवर पडायच्या आत तुमच्या एकाने उचलून लाइनीबाहेर जाऊन कॅप्टनला दिला पाहिजे. त्यांचे दोघं जितक्या वेळा तुमच्या बास्केटखाली रिबाउंडला झोंबतील तितक्या वेळा ते मागे उशिरा पोचतील. रिबाउंड एकदा तुमचा झाला की पहिला पास बाजूच्या लाइनीकडे, मधे नाही, आणि पळा.

सेट खेळायची वेळ आली तर पाचही जण बाहेर उभे करा, डी रिकामी. त्यांच्या एका लंबूला तुमच्या 5-9 वाल्याला बाहेर येऊन गार्ड करावंच लागेल, नाहीतर झोनला जावं लागेल. तुमच्या पोरांना थ्री येतो का याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही, त्यामुळे मला थोडी शंका आहे. नसेल येत तर हरकत नाही, एक पंप फेक, म्हणजे शॉट मारायची नुसती हूल, आणि एक ड्रिबल आत, लंबू उडाला की फाउल किंवा पास. त्यांच्या लंबूचे दोन फाउल पहिल्या क्वार्टरमध्ये झाले तर त्यांचा कोचच त्याला बसवेल, तुमचं काम झालं. स्पर्धेत शॉट मारायच्या 24 सेकंदांचं घड्याळ आहे की नाही तेही विचारून घ्या, आपल्या लोकल स्पर्धांत कधी असतं कधी टेबलवर कोणी तरी तोंडाने मोजतो.

व्हॉलीबॉलवाल्या पोराकडे येतो, कारण त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही आणि तो तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे, फक्त आज नाही. व्हॉलीबॉलवाल्याचं उडीचं टायमिंग झकास असतं, दोन्ही हात सरळ वर जातात, हे फुकट मिळालेलं आहे. पण त्या खेळात मधे जाळी असते, समोरचा माणूस अंगाला लागत नाही. आठ महिन्यांत त्याला धक्का खाऊन उडायची सवय लागली नसणार, पहिल्या दोन मिनिटांत कोणी कोपर लावलं की तो हात खाली घेईल आणि फाउल करेल. त्याला सुरुवातीला टाकलं आणि चार मिनिटांत तीन फाउल झाले, तर मामांसमोर, सगळ्या ग्राउंडसमोर त्याची शोभा होईल, आणि मग तो परत व्हॉलीबॉलला पळेल.

मी हा घोटाळा करून बसलोय. कोच म्हणून दुसऱ्याच वर्षी मी समोरची टीम बघून घाबरलो आणि तीन लांब पोरं एकदम सुरुवातीला उतरवली, दोन गार्ड बसवले. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही दोनदा आठ सेकंदांत हाफ कोर्ट पार करू शकलो नाही, बॉल आणायलाच कोणी नव्हतं. बास्केटखाली तिघं हात वर करून उभे, आणि बॉल तिकडे मागेच. लोकं हसत होते. त्यातला एक पोरगा नंतर प्रॅक्टिसलाच आला नाही, आणि ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

याला दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तीन-तीन, चार-चार मिनिटं द्या, जेव्हा त्यांचाही एक लंबू बेंचवर पाणी पिऊन राहिलेला असेल. काम एकच सांगा, लॉब आला की हात सरळ वर, खाली मारायचं नाही, आणि रिबाउंड मिळाला की बॉल हनुवटीखाली न आणता कॅप्टनला द्यायचा. बास्केट मारायची जबाबदारी त्याच्यावर टाकूच नका. आणि प्रॅक्टिसमध्ये त्याला रोज ड्रिबल करायला लावा, उंच आहे म्हणून खांबासारखा बास्केटखाली रोवून ठेवू नका, दोन वर्षांनी तुम्हीच म्हणाल बरं झालं.

प्रॅक्टिसला लंबू कुठून आणायचे? आपल्याकडे प्रत्येक ग्राउंडवर दोन-तीन सिनियर काका असतात, सहा-दोन, सहा-तीन, गुडघे गेलेले पण कोपर शाबूत. त्यांना रविवारी सकाळी बोलवा, नंतर तर्री पोहा खिलवा, आनंदाने येतात. दहा मिनिटांचे डाव लावा आणि स्कोअर मोजूच नका, फक्त कोणी किती रिबाउंड सोडले ते मोजा. आणि तुम्ही स्वतः हातात लांब दांड्याचा झाडू घेऊन डीत उभे राहा, पोरं लेअपला आली की तो वर धरा. दिसायला येडपट दिसतं, पण आठ दिवसांत पोरं बॉल बोर्डवर जरा उंच ठेवायला शिकतात.

दिवाळीचं खाऊन पोरं सुस्त झाली असतील तर पूर्ण मॅच प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टभर त्यांना चिकटून, खेळायचा विचार सोडा. आठ-नऊ जण दमदार नसतील तर फुल कोर्ट प्रेस फक्त बास्केट झाल्यावर आणि फ्री थ्रोनंतर लावा, बाकी वेळ हाफ कोर्टवर बॉलला चिकटा. कॅप्टनच्या फाउलचा हिशोब तुम्ही ठेवा, त्याने नाही. मागच्या वेळी चार फाउल कसे झाले तेही व्हिडिओत बघा. झोनमध्ये लंबूच्या अंगावर हेल्पला जाऊन झाले असतील तर ते त्याचे फाउल नव्हतेच, तुमच्या डिफेन्सचे होते.

आता बोलण्याचं. कॅप्टनला काही सांगायची गरज उरली नाही असं समजू नका. कट्ट्यावरची कुजबुज त्याच्यापर्यंत पोचली आहे, 5 फूट 5 वाल्याला हे जन्मभर ऐकावं लागतं, तो बोलत नसेल एवढंच. त्याला एकट्याला घेऊन तिसऱ्या क्वार्टरचा व्हिडिओ दाखवा आणि फक्त विचारा, तुला काय दिसतं? तो तुमच्यापेक्षा जास्त सांगेल. काडीवाल्या पिव्होटला मात्र तुम्हालाच आणि आधीच सांगावं लागेल, मॅचच्या दिवशी बोर्डवर नाव न लिहून नाही. सांगा की तू पहिल्या पाचात नाहीस पण 84 किलोवाल्याला तीन फाउल झाले की मॅच तुझ्या हातात आहे, आणि ते होणारच आहेत. रडला तर रडू द्या. माझा अंदाज चुकला आणि प्रॅक्टिसमध्ये तोच काकांसमोर जास्त टिकला, तर बिनधास्त त्यालाच घ्या, मी तुमची पोरं बघितलेली नाहीत.

मामांचं काय करायचं? त्यांनी वाईट काही केलं नाही, भाच्यावर प्रेम आहे आणि खिशात हात घालतात, आपल्याकडे खेळाला असे मामा नसते तर अर्ध्या टीमा बनियनवर खेळल्या असत्या. पण टी-शर्टचा हिशोब आणि नावांची यादी एकाच वहीत ठेवू नका. त्यांना मॅचच्या आठवडाभर आधी चहाला बोलवा, भाच्याला किती मिनिटं मिळणार, कोणत्या क्वार्टरमध्ये, आणि त्याच्याकडून काय पाहिजे ते स्पष्ट सांगा, आकड्यात सांगा. ‘बघू’ म्हणू नका, त्या ‘बघू’ वरच सगळी भांडणं होतात. पुढच्या वर्षी टी-शर्ट नाही मिळाले तर प्रत्येकी थोडी थोडी वर्गणी काढून घ्याल, आतापर्यंत काय केलं नाही का. आणि मॅचला त्यांना आवर्जून बोलवा, फक्त बेंचच्या मागे बसवू नका, समोरच्या पायऱ्यांवर जागा धरून ठेवा.